तेविसाव्या जागेचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. जस्ती पत्र्याची, दहा लिटरची, एका कुशीला चेपलेली. जर्मनीतल्या एल्मेनबोस्टेल गावच्या दफनभूमीत हापशाजवळ एक लोखंडी दांडी आहे. तिच्यावर आम्ही सगळ्या झाऱ्या ओळीनं टांगलेल्या असतो. माझ्या शेजारणी हिरव्या प्लास्टिकच्या आहेत. ऊन लागलं की त्यांचा रंग उडतो, थंडी पडली की त्या तडकतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या जागी नव्या येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणजे थोडी ठेवते. पंच्याऐंशीवर हिवाळे काढलेल्या झारीला तेवढा हक्क असतो. तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या झारीला एवढा कसला तोरा? तर ऐका.

माझा जन्म युद्धाच्या एक वर्ष आधीचा. जवळच्या शहरातल्या एका पत्रेकाम करणाऱ्या म्हाताऱ्यानं मला घडवलं. पत्रा कापला, वळवला, सांध्यांना डाग दिला, तोटीवर बारीक भोकांची चाळणी बसवली आणि पाणी भरून एक रात्र तसंच ठेवलं. सकाळी खाली टिपूसही नव्हता. तेव्हा तो म्हणाला, "जा, आता तू माझ्यापेक्षा जास्त जगशील." त्याचं म्हणणं खरं ठरलं.

टीत्येन नावाच्या शेतकरी घरानं मला घेतलं. घरचे आजोबा नुकतेच वारले होते आणि त्यांच्या कबरीवर लाल बेगोनिया लावल्या होत्या. त्यांना पाणी घालणं हेच माझं काम. सगळ्यांच्या झाऱ्या दिसायला सारख्या, म्हणून माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात 'टीत्येन' असं लिहिलं. आमच्याकडे कबरीवरची फुलं सुकली तर गाव कबरीला नाही, घरच्यांना बोल लावतं. त्यामुळे गेझीने नावाची नात मला घेऊन दर बुधवारी आणि शनिवारी यायची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी भरले की तिला दोन्ही हातांनी उचलावी लागायची, आणि अर्धं पाणी तिच्या मोज्यांतच जायचं.

मग युद्ध आलं. गावातले तरुण लढायला गेले आणि शेतं ओस पडली. तेव्हा आमच्या सरकारनं पोलंडमधून, युक्रेनमधून माणसं धरून आणली. त्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुली होत्या, बाजारातून उचललेल्या, घरातून ओढलेल्या. परकी म्हणून ओळखू यावीत यासाठी त्यांच्या छातीवर कापडाची पट्टी शिवायची आणि त्यांना शेतावर राबवायचं. टीत्येनांच्या गोठ्यात अशीच एक आली. पारास्का तिचं नाव, युक्रेनमधल्या पोल्तावाच्या बाजूची. अकरा गाईंची धार ती एकटी काढायची आणि काढता काढता गुणगुणायची. मी गोठ्याच्या दाराशीच ठेवलेली असायचे, म्हणून मला ते ऐकू यायचं.

चव्वेचाळीसच्या मे महिन्यात पारास्काला मुलगा झाला. तिनं त्याचं नाव लेव्को ठेवलं. त्याचा बाप तिच्यासारखाच धरून आणलेला पोरगा होता, त्याला दूरच्या कुठल्या कारखान्यात पाठवलं होतं. नवव्या दिवशी पारास्काला परत गोठ्यात उभं केलं आणि लेव्कोला घेऊन गेले. अशा सगळ्याच आयांची मुलं नेत. दफनभूमीच्या पलीकडे विटांच्या जुन्या भट्टीची एक शेड होती, तिथे ती ठेवायची. दारावर 'बालसंगोपन गृह' अशी पाटी होती. पाटी लिहिणाऱ्याचं काय जातं! आत मुलांना पाणी घातलेलं, बहुतेकदा नासलेलं दूध मिळायचं. आईला रविवारी एक तास भेटू द्यायचे. दर आठवड्याला तिथून एखादी लहानशी पेटी निघायची आणि दफनभूमीच्या टोकाला, झुडपांच्या कुंपणालगत पुरली जायची. वर नंबराची लाकडी खुंटी.

एके दिवशी पारास्का बादली खाली ठेवून भिंतीला टेकली. गेझीने तेव्हा पंधरा वर्षांची होती.

"पोर तिकडे उपाशी," पारास्का म्हणाली, "आणि मी इथे अकरा गाईंचं दूध काढतेय. तुमच्या वासरांनासुद्धा पाजतेय."

"मी नेलं असतं गं," गेझीने म्हणाली. "पण दुधाचा डबा लांबूनच ओळखू येतो. थेंबाथेंबाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. पकडलं तर तुला नेतील, माझ्या बापालाही नेतील."

पारास्काची नजर माझ्यावर गेली. "आणि ही?"

"ही? ही तर झारी आहे."

"तेच म्हणतेय मी. झारीत कोण वाकून बघतंय?"

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मी एक साधी झारी होते. त्या दिवशी पारास्कानं मला उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं, आतून फडक्यानं पुसलं आणि माझ्या तळाशी अर्धा लिटर ताजं, कोमट दूध ओतलं. गेझीने मला घेऊन सगळ्या गावासमोरून निघाली. ओट्यावर बसलेल्या बाया म्हणाल्या, "आजोबांची फार काळजी बाई या पोरीला!" ती दफनभूमीत शिरली, कबरींमधून चालत कुंपणाच्या मागच्या फटीतून बाहेर पडली आणि भट्टीच्या मागच्या खिडकीशी गेली. आत एक पोलिश मुलगी कामाला होती. ती बाटली पुढे करायची आणि हळूच म्हणायची, "आली का आमची गवळण?" माझी चाळणी काढून ठेवलेली असायची. माझ्या तोटीतून दुधाची धार बाटलीत पडायची, एक थेंब वाया न जाता. परत येताना गेझीने मला हापशाखाली खळखळून धुवायची आणि आजोबांना खरोखरचं पाणी घालायची.

असं रोज, उन्हाळाभर चाललं. लेव्कोचे गाल थोडे भरले. रविवारी त्याला भेटून आली की पारास्का मला हातानं थोपटायची. गाईला थोपटतात तसं. कौतुक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी गेझीनेला वाटेत गावचा पोलीस भेटला. माणूस वाईट नव्हता. आजोबांबरोबर पत्ते खेळणारा होता.

"काय गं पोरी, आजोबांकडे निघालीस?" त्यानं सायकल हातात धरली. "चल, मी पण येतो. परत जाताना सोबत होईल. हल्ली शेतावरच्या परक्या लोकांचा काही भरवसा नाही."

तो फाटकापर्यंत आला, सायकलला टेकून उभा राहिला आणि पाइप पेटवू लागला. गेझीने कबरीशी पोचली. मागच्या फटीतून जाणं शक्य नव्हतं. झारी न उलटता परत फिरणंही शक्य नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाठ केली, मला अगदी जमिनीशी वाकवलं आणि ते दूध बेगोनियांच्या मुळाशी ओतलं. सगळं. पोलिसानं तिला गप्पा मारत घरापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या कबरीवर मुंग्यांची रांग लागली, तेव्हा तिची आई ओरडली, "साखर सांडलीस का काय तिथे?"

त्या दिवशी लेव्कोला दूध मिळालं नाही. शुक्रवारी आम्ही गेलो, तेव्हा खिडकीतली पोलिश मुलगी म्हणाली, "तो आता दूध ओढत नाही गं." शनिवारी पहाटे तो गेला. एका दिवसाच्या दुधानं तो वाचला असता का? मला ठाऊक नाही. ज्यांना मी कधीच दूध नेलं नाही, अशी कितीतरी मुलं त्या शेडमध्ये गेली. गेझीनेला मात्र तिचं उत्तर त्याच दिवशी ठाऊक झालं होतं आणि ते तिनं कुणाला बदलू दिलं नाही.

पुरताना आयांनी यायचं नाही, असा तेव्हा हुकूम होता. पण दफनभूमीचा राखणदार हिनरिक बेन्के रविवारी टीत्येनांच्या गोठ्यात आला आणि टोपी हातात फिरवत पारास्काला म्हणाला, "साडेबारा वाजता अख्खं गाव ताटावर बसलेलं असतं. एक वाजेपर्यंत कुणी मान वर करत नाही. तेवढ्यात ये. मी काही पाहिलं नाही, तू तिथे नव्हतीस." पारास्का लेव्कोला आपल्या डोक्याच्या रुमालात गुंडाळून स्वतः घेऊन आली. खुंट्यांच्या रांगेपासून थोडं बाजूला, कुंपणाच्या अगदी पायाशी हिनरिकनं खड्डा केला होता. खुंटी मारली नाही. दफनांच्या वहीतही लिहिलं नाही, कारण नोंद केली असती तर पुरताना कोण हजर होतं तेही लिहावं लागलं असतं. गेझीनेनं मला हापशावर भरलं आणि त्या उकरलेल्या मातीवर मी पहिलं पाणी घातलं.

पुढच्या वर्षी युद्ध संपलं. पारास्का आपल्या देशाला परत निघाली. ट्रकमध्ये चढताना ती एवढंच म्हणाली, "पाणी घाल त्याला."

"घालीन," गेझीने म्हणाली.

मित्रांनो, लोक वचनं देतात आणि विसरतात. माझी गेझीने विसरली नाही. बुधवारी आणि शनिवारी आधी आजोबा, मग कुंपणाकडची बावीस खुंट्यांची रांग. प्रत्येक जागेवर एक धार, आणि शेवटी कुंपणाच्या पायाशी तेविसावी. तिचं लग्न झालं, मुलं झाली, नवरा वारला, गुडघे दुखायला लागले. माझी चाळणी हरवली, पत्रा गंजला, तळाला तीनदा डाग द्यावा लागला. पोटावरचा रंग ती दर काही वर्षांनी पुन्हा भरायची. चाळणी गेली त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पाणी एका धारेनं, ज्याचं त्याला पोचायचं.

एकोणसत्तर साली हिनरिकच्या मुलानं, कोर्डनं, त्या बावीस खुंट्या उपटल्या. आमच्याकडे कबरीला पंचवीस वर्षांची मुदत असते. ती संपली की जागा मोकळी करतात. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी कायमच्या राखायचा नियम आहे. ही पोरंही युद्धातच मेली, पण त्यांना कुणी त्या यादीत धरलं नाही. वर हिरवळ पेरली आणि कोर्ड तिच्यावर गवत कापायचं यंत्र फिरवू लागला.

"गेझीनेबाई, गवताला पाणी घालताय?" तो चेष्टा करायचा. "शेळी पाळायचा विचार आहे वाटतं!"

"तुझं यंत्र फिरव तू."

"काल पाऊस पडला की! देवानं घातलंय पाणी."

"देवानं सगळ्यांना घातलं. मी यांना घालते."

गावात मला 'वेडीची झारी' म्हणू लागले. त्याच सुमारास हापशाशी प्लास्टिकच्या झाऱ्या आल्या, आणि त्यांच्यासमोर मला ते ऐकावं लागलं. मला फार लागलं, खोटं कशाला सांगू! गेझीनेला लागलं का, ते मला कळलं नाही. ती फक्त मला जरा जास्त घासू लागली.

मग दोन हजार तीनचा उन्हाळा आला. त्याआधीच्या हिवाळ्यात पाद्रीबाई हिल्के यांना चर्चच्या कपाटात हिनरिक बेन्केची वही सापडली होती. त्यांनी ठरवलं की त्या मुलांच्या नावांचा दगड उभारायचा. बावीस नावं. दगड आणला, नावं कोरणाऱ्याला सप्टेंबरची तारीख दिली. गेझीने तेव्हा चौऱ्याहत्तरची होती. ती हापशाशी येऊन म्हणाली, "तेवीस आहेत."

"बेन्केंच्या वहीत बावीसच आहेत, आजी," हिल्के हळू आवाजात म्हणाल्या. "आणि दगडावर कोरलेलं पुन्हा खोडता येत नाही."

"माझा बाप स्वतःचं जेवण विसरला असता," कोर्ड मध्येच म्हणाला, "पण वहीतली नोंद नाही. त्याला खोटं पाडू नका, गेझीनेबाई."

त्याच ऑगस्टमध्ये युक्रेनहून एक बाई भावाची कबर शोधत आली. ओरीना, पारास्काची मुलगी, लेव्कोच्या पाठची. पारास्का वसंतात वारली होती. ओरीना शाळेत जर्मन शिकवायची, त्यामुळे तिला आमची भाषा येत होती. ती दफनभूमीत आली तेव्हा तीन महिने पाऊस नव्हता. सगळी हिरवळ काडासारखी पिवळी पडली होती. हिल्के तिला वही दाखवायला पुढे झाल्या आणि थांबल्या. त्या पिवळ्या गवतावर कुंपणालगत हिरवे ठिपके होते. एकेक ठिपका पाळण्याएवढा. एका ओळीत बावीस, आणि थोडा बाजूला, कुंपणाच्या पायाशी, एक.

कोर्डनं ते दोनदा मोजले. मग डोकं खाजवत म्हणाला, "त्यावरून एवढंच कळतं की गेझीनेबाई तेवीस जागी पाणी घालतात."

गेझीनेनं मला खाली ठेवलं. एकोणसाठ वर्षं जे बोलली नव्हती ते ती बोलली. आधी दुधाचं. ओरीनानं तोंडावर हात धरला.

"आई सांगायची, एक मुलगी झारीतून दूध आणायची," ती म्हणाली. "आम्ही भावंडं हसायचो. शेजारणी हसायच्या. झारीतून कुणी दूध आणतं का? म्हटलं, म्हातारी रचून सांगतेय." तिनं खाली वाकून माझ्या चेपलेल्या कुशीवर हात ठेवला. "हीच का ती?"

"हीच. आणि पुढचंही ऐक," गेझीने म्हणाली. तिनं गुरुवारचं सांगितलं. पोलीस, बेगोनिया, मुंग्या. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी मात्र आतून रिकामी होते आणि मला ते सहन होत नव्हतं.

ओरीना हापशाच्या दगडावर बसली. तिनं विचारलं, "आईला माहीत होतं हे?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं मी तिला."

"काय म्हणाली?"

"काही नाही. पहाटे धार काढली आणि झारी पुन्हा माझ्या हातात दिली."

"आम्हाला तिनं त्या गुरुवारचं कधीच सांगितलं नाही," ओरीना म्हणाली. "जन्मभर फक्त दुधाचंच सांगितलं."

तेव्हा कुठे गेझीनेच्या डोळ्यांना धार लागली. मग ती कोर्डकडे वळली. "तुझा बाप चुकला नव्हता रे. त्यानं मुद्दाम लिहिलं नाही. आईला मूल पुरू दिलं म्हणून." तिनं त्या रविवारची, साडेबाराची गोष्ट सांगितली.

कोर्डचा चेहरा मी चाळीस वर्षं पाहत आले होते. तसा तो कधी झालेला पाहिला नव्हता. "घरी एका शब्दानं बोलला नाही म्हातारा," तो पुटपुटला. मग गेला आणि आपली लांब लोखंडी सळई घेऊन आला. कबरी खणणाऱ्यांना जमीन हातानं कळते. न खणलेल्या जमिनीत सळई वीतभर जाऊन अडते. एकदा खणलेली माती कितीही वर्षं गेली तरी वाट देते. त्यानं पिवळ्या गवतात सळई दाबली, ती अडली. हिरव्यात दाबली, ती खाली गेली. पिवळ्यात अडली, हिरव्यात गेली. अशा बावीस जागा झाल्या. कुंपणाच्या पायाशी तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी, अगदी हळू, सळई टेकवली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. कोर्डनं ती लगेच बाहेर काढली आणि डोक्यावरची टोपीही काढली.

"तेवीस," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "हिला वेडीची झारी म्हणणारा पहिला मीच."

मित्रांनो, हे सगळं दांडीवरच्या प्लास्टिकच्या झाऱ्यांसमोर झालं.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी आमच्याकडे मृतांची आठवण करतात. कबरींवर देवदारूच्या फांद्या पसरतात आणि नावं वाचतात. त्या वर्षी चर्चच्या घंटेखाली दगडावर कोरलेली तेवीस नावं वाचली गेली. शेवटचं लेव्कोचं. ओरीना पुन्हा एवढ्या लांबून आली होती. गेझीने मला घरूनच घेऊन आली. सकाळी तिनं मला उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं होतं, आतून फडक्यानं पुसलं होतं, आणि मी भरले तेव्हाच मला कळलं की हे पाणी नाही. तिनं एकटीनं मला उचललं नाही. कडीच्या एका बाजूला तिचा हात होता आणि दुसऱ्या बाजूला ओरीनाचा. सगळ्या गावासमोर, कुणाकडेही पाठ न करता, त्यांनी मला कुंपणाच्या पायाशी वाकवलं. थंडीत त्या दुधाची वाफ निघत होती. त्या गुरुवारी जे पोचायचं होतं ते त्या रविवारी पोचलं.

गेझीनेला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शहरातल्या एका संग्रहालयाचे लोक आले होते. मला काचेच्या पेटीत, मऊ कापडावर, दिव्याखाली ठेवायचं म्हणाले. कोर्डनं त्यांना साफ नाही सांगितलं. आजही माझ्या कडीला साखळी नाही, कुलूप नाही. गावच्या शाळेतली मुलं पाळीपाळीनं मला घेऊन जातात. त्यांना मी जड होते आणि अर्धं पाणी त्यांच्या मोज्यांत जातं. मला त्याचं काही वाटत नाही.

तर मित्रांनो, कधी आमच्या गावी आलात तर मला दांडीवरून काढा. माझ्याकडे बघत उभे राहू नका, मला भरा. तळाला डाग द्यायची वेळ आली असेल तर देऊन टाका, मी अजून खूप वर्षं पुरेन. प्रत्येक जागेवर एक धार घाला आणि मोजायला चुकू नका. तेविसाव्या जागेशी मात्र हात जरा सैल सोडा. त्यानं खूप वाट पाहिली आहे.